बाहेर ४१, बादलीत १९: मे महिन्यात २० लिटर पेल एल आंबवताना

छत्रपती संभाजीनगरातल्या एका परवानाधारक लहान ब्रुअरीला नवी पेल एल (फिकट रंगाची एल जातीची बीअर) मोठ्या टाकीत घालण्याआधी २० लिटरवर करून बघायची होती. मोठ्या टाक्यांना ग्लायकॉलचं कूलिंग होतं, पण एवढ्याशा मालासाठी अख्खी टाकी अडवणं परवडत नव्हतं. म्हणून सगळा प्रयोग घरगुती सामानावर झाला: ३० लिटरची फूड ग्रेड प्लास्टिकची झाकणाची बादली, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारा, हवा आत न घेणारा पाण्याचा अडसर), वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, गार करायची तांब्याची कॉइल, द्रवाची घनता मोजायचा हायड्रोमीटर आणि पहिल्या मजल्यावरची सामानाची खोली. महिना मे. दुपारी बाहेर ४१, खोलीत ३४ ते ३६.

प्रयोग ब्रुअरीच्या आवारातच करण्याचं कारण उघड आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरी, स्वतःपुरतं का असेना. जिथे घरी बीअर करायला मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं सगळं जसंच्या तसं वापरता येईल. फक्त एवढा उन्हाळा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येणार नाही.

पाककृती साधी होती. पेल माल्ट ४.२ किलो, क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबली की उतरते) १.०५०, शेवटी १.०११ च्या आसपास यावी ही अपेक्षा. म्हणजे अल्कोहोल साधारण ५ टक्के. यीस्ट सॅफेल यूएस-०५, साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. १८ ते २० अंशांत हे यीस्ट स्वच्छ, मागे कुठलीही चव न सोडणारी बीअर देतं. पाककृतीबद्दल एवढं पुरे, कारण पहिला घाणा वाया गेला त्यात माल्टचा किंवा हॉप्सचा काही दोष नव्हता.

पहिला घाणा

उकळी संपली दुपारी तीनला. कॉइलमधून गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडलं. मेच्या दुपारी काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी ३९ अंशांवर होतं, आणि कॉइल वर्टला त्यातल्या पाण्यापेक्षा गार करू शकत नाही. चाळीस मिनिटांनी वर्ट ४३ वर येऊन अडकला. पाणी सोडत राहून पुढे काही होईना, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे शंभर लिटर पाणी गटारात सोडणं कुणालाच बरं वाटत नाही. कॉइल काढली, वर्ट बादलीत ओतला, झाकण लावलं आणि रात्रीपर्यंत थांबायचं ठरलं.

रात्री साडेदहाला वर्ट ३८ वर होता. खोलीवर स्लॅब होता आणि त्याच्या वर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावर आत उष्णता सोडत राहतो. अशा खोलीचं तापमान संध्याकाळी आठ-नऊला दुपारइतकंच, कधी जास्तही असतं. पहाटे वर्ट ३४ वर आला तेव्हा यीस्ट टाकलं. चार तासांत एअरलॉक खदखदायला लागला, दुसऱ्या दिवशी दुपारी बादलीतलं तापमान ३८ झालं, आणि छत्तीस तासांत सगळं शांत.

हायड्रोमीटरवर आकडा आला १.०१०. सगळ्यांना वाटलं काम फत्ते. पण हा हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेला होता आणि नमुना होता ३६ अंशांचा. गरम द्रव पातळ असतो, त्यामुळे आकडा कमी दिसतो. ३६ अंशांना त्यात साधारण ०.००४ ते ०.००५ मिळवावे लागतात. खरा आकडा १.०१४ ते १.०१५. म्हणजे बीअर पूर्ण आंबलीच नव्हती, उष्णतेने यीस्टच थकलं होतं. उन्हाळ्यात नमुना गार करूनच मोजायचा, हा नियम पुढे भिंतीवर लिहून ठेवला गेला.

वास मात्र आकड्याची वाट बघत नव्हता. झाकण उघडताच नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा भपकारा, त्यामागे फार पिकलेल्या केळ्याचा वास, आणि घोट घेतला की घशात जळजळ. पहिला वास इथाइल अॅसिटेटचा, दुसरा आयसोअमाइल अॅसिटेटचा, दोन्ही एस्टर. घशातली जळजळ फ्युजल अल्कोहोलची. तापमान चढलं की यीस्टची वाढ बेफाम होते, अमिनो आम्लांची मोडतोड वेगाने होते आणि त्यातून ही जड अल्कोहोलं तयार होतात. एस्टर मुरवल्यावर थोडे उतरतात. फ्युजल उतरत नाहीत, बाटलीत सहा महिने ठेवा की वर्षभर. घाणा ओतून दिला.

यातली बहुतेक चव पहिल्या ७२ तासांत ठरते, कारण यीस्टची वाढ तेव्हाच होते. चौथ्या दिवशी बर्फ आणून काही उपयोग नसतो. आणि यीस्ट टाकतानाचं तापमान हा त्या ७२ तासांचा पहिला क्षण. ‘टाकू आत्ता, रात्रीत होईल गार’ या विचाराने जितके घाणे बिघडतात तितके दुसऱ्या कशानेही बिघडत नसतील.

उष्णता कुणाची?

या विषयावरचं बरंचसं लिखाण थंड देशांतलं आहे. तिथे सांगतात की यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, म्हणून बीअर खोलीपेक्षा तीन ते पाच अंश गरम राहते, ते सांभाळा. खरं आहे. पण मराठवाड्यात मेमध्ये हिशेब उलटा बसतो, आणि तो मांडल्याशिवाय उपाय सुचत नाही.

२० लिटर वर्टमध्ये सुमारे २.६ किलो विरघळलेला अर्क असतो. त्यातला साधारण १.७ किलो खरोखर आंबतो आणि त्यातून जवळपास १००० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढा वर्ट एक अंश तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. म्हणजे बादली पूर्ण बंदिस्त असती तर यीस्टच्या एकट्याच्या उष्णतेने बीअर १२ अंश चढली असती. पण ही उष्णता काही दिवसांत विभागून येते. ऐन भरात, म्हणजे अर्धं काम एका दिवसात झालं असं धरलं, तरी ती सहा वॉटच्या आसपास भरते.

आता खोली बघू. उघड्या प्लास्टिकच्या बादलीतून एका अंशाच्या फरकाला साधारण दोन वॉट उष्णता आत येते किंवा बाहेर जाते. बीअर १९ वर ठेवायची आणि खोली ३६ वर, म्हणजे फरक १७ अंशांचा: ३४ वॉट आत. यीस्टच्या सहा वॉटपेक्षा पाचपटीहून जास्त, आणि तेही चोवीस तास, यीस्ट झोपलं असलं तरी.

म्हणून इथे पहिला खर्च यंत्रावर करायचा नसतो, आवरणावर करायचा असतो. उघड्या बादलीला १९ वर धरायला दिवसाला सात किलो बर्फ लागेल. दोन इंची थर्माकोलच्या पेटीत तीच बादली ठेवली तर यीस्टची उष्णता धरूनही साडेपाच किलोत भागतं; भर ओसरला की चार-साडेचार किलोत.

पाण्यावरची चाचणी

दुसऱ्यांदा माल्ट पणाला लावण्याआधी चाचणी साध्या पाण्यावर झाली, आणि या प्रकरणातून कुणी एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचलावी. बादलीत २० लिटर पाणी बर्फ घालून १९ अंशांवर आणायचं, सकाळी आठला झाकण लावायचं, संध्याकाळी सहाला मोजायचं. पाण्याची आणि वर्टची उष्णता धरून ठेवायची ताकद जवळजवळ सारखीच, त्यामुळे निकाल खरा येतो आणि खर्च काहीच नाही.

उघडी बादली संध्याकाळी २८ वर गेली.

टबात उभी करून, भोवती ओलं गोणपाट गुंडाळून, वर पंखा लावला तेव्हा २४. गोणपाटाची टोकं टबातल्या पाण्यात बुडलेली हवीत, म्हणजे ते पाणी ओढत राहतं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो: ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाला गाठता येणारी खालची हद्द २१ अंशांच्या आसपास असते. प्रत्यक्षात तीन-चार अंश वरच थांबतं. खिडकी मात्र उघडी हवी. बंद खोलीत तासाभरात हवा दमट होते आणि गोणपाट नुसतं ओलं राहतं, गार होत नाही. पाऊस सुरू झाला की हा उपाय संपला. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तीच हद्द २७ वर जाते.

थर्माकोलच्या पेटीत, बर्फाशिवाय, साडेतेवीस. त्याच पेटीत दोन लिटरची गोठवलेली पाण्याची बाटली बादलीला टेकवून ठेवली तेव्हा १९. दर आठ तासांनी बाटली बदलायची, दिवसाला तीन. मेमध्ये घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन लिटरची बाटली पुरती गोठायला दहा-बारा तास सहज लागतात, त्यामुळे सहा बाटल्या फिरत्या ठेवाव्या लागतात. बाटली गळ्यापर्यंत भरू नये, फुटते.

पेटी बनवायला दोन इंची थर्माकोलचे तक्ते, आतून ५० बाय ५० आणि उंची ७० सेंटिमीटर. सांधे तपकिरी टेपने आतून-बाहेरून बंद. तळालाही तक्ता हवा. फरशीतून येणारी उष्णता लोक विसरतात. आणि पेटी स्लॅबखालच्या खोलीतून हलवून तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला ठेवली. या एका हलवण्याने खोलीचं कमाल तापमान ३६ वरून ३२ वर आलं. फुकटात चार अंश.

फक्त एल करायची असेल तर आमच्या मते इथेच थांबावं. पेटी आणि सहा बाटल्यांवर चांगली एल होते. ब्रुअरीला मात्र पुढे लागर, म्हणजे एलपेक्षा थंडीत आंबणारी बीअर, करून बघायची होती, बीअर दोन-तीन अंशांवर नेऊन गाळ बसवायचा होता, आणि रात्री दोनला बाटली बदलायला कुणी तयार नव्हतं. म्हणून फ्रीझर.

फ्रीझर आणि कंट्रोलर

आइस्क्रीमवाल्याकडून उतरलेला, वरून उघडणारा दीडशे लिटरचा डीप फ्रीझर घेतला. घेण्याआधी पुठ्ठ्यातून बादलीच्या तळाचा गोल आणि एअरलॉकसकट उंचीची पट्टी कापून दुकानात नेली. कंप्रेसरच्या उंचवट्यामुळे आतली जागा दिसते त्यापेक्षा कमी असते. एका दाराचा जुना फ्रिज स्वस्त मिळतो, पण वरच्या बर्फाच्या कप्प्यामुळे ३० लिटरची बादली बहुधा बसत नाही. तो कप्पा वाकवून जागा करायचा मोह होतो. त्याच्या पत्र्यातूनच गॅसच्या नळ्या जातात. डीप फ्रीझरच्या तर चारही भिंतींत नळ्या असतात. सेन्सरच्या वायरसाठी भोक पाडू का, असं विचारल्यावर फ्रिजवाले मिस्त्री म्हणाले, “दादा, भिंतीला ड्रिल लावलं की गॅस गेला समजा.” वायर झाकणाच्या रबराखालून घ्यायची. ती बारीक असते, रबर तिला सांभाळून घेतं.

तापमान बघून फ्रीझर चालू-बंद करणारा कंट्रोलर एसटीसी-१०००, २२० व्होल्टचा. मागे आठ टर्मिनल: १ आणि २ ला वीज, ३ आणि ४ ला सेन्सर, ५-६ हीटिंगचा रिले, ७-८ कूलिंगचा. रिले स्वतः वीज देत नाहीत, ते नुसते स्विच आहेत. टर्मिनल १ च्या फेजवरून एक तुकडा ७ ला न्यायचा, ८ मधून फ्रीझरच्या सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल आणि अर्थिंग सॉकेटला थेट. बरेच जण ७-८ मध्ये आपोआप २२० व्होल्ट येतील असं धरून बसतात आणि यंत्र खराब म्हणून परत करतात. रिले १० अँपिअरचा असतो, एवढ्या फ्रीझरला पुरतो. आत सतत ओल असते, त्यामुळे अर्थिंग तपासलेलं हवं आणि लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा. फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट सगळ्यात थंड जागेवर फिरवून ठेवायचा, म्हणजे तो मध्ये पडत नाही.

सेटिंग चार आहेत. एफ-१ हवं ते तापमान, इथे १९. एफ-२ फरक, इथे ०.५, म्हणजे साडेएकोणिसाला फ्रीझर चालू, १९ ला बंद. एफ-३ कंप्रेसरला दोनदा चालू होण्यात किती मिनिटांची उसंत द्यायची ते, इथे पाच. नुकत्याच बंद झालेल्या कंप्रेसरला लगेच पुन्हा चालू केलं तर आतल्या दाबामुळे तो अडतो आणि मोटर जळू शकते, आणि वीज ये-जा करणाऱ्या भागात हे दिवसातून चारदा होऊ शकतं. एफ-४ सेन्सरची दुरुस्ती: बर्फाच्या काल्यात सेन्सर बुडवून शून्य दाखवतो का बघायचं, जितका चुकत असेल तितका आकडा तिथे भरायचा. आपला ०.८ ने जास्त दाखवत होता, म्हणून उणे ०.८.

सेन्सर कुठे लावायचा हा सगळ्यात मोठा प्रश्न. हवेत लटकवला तर फ्रीझर हवा १९ ला ठेवतो आणि आतली बीअर भरात असताना २२ वर जाते. नळी घालून बीअरच्या मधोमध बुडवला तर मधला भाग गार होईपर्यंत भिंती उणे दहा-पंधरावर गेलेल्या असतात. कंप्रेसर बंद झाल्यावरही तो साठलेला गारवा बीअरला दोन अंश खाली ओढतो. मधला मार्ग: बादलीच्या बाहेरून, बीअरच्या पातळीच्या निम्म्यावर सेन्सर चिकटवायचा आणि त्यावर दुमडलेला फोमचा जाड तुकडा बांधायचा, म्हणजे त्याला बीअरचं तापमान कळतं, हवेचं नाही.

हीटिंगच्या रिलेला मेमध्ये काहीही जोडू नये. तापमान एफ-१ च्या खाली एफ-२ एवढं, म्हणजे अर्धा अंश जरी घसरलं तरी हीटर चालू होतो, मग फ्रीझर, मग पुन्हा हीटर. दोघं रात्रभर भांडतात आणि बिल आपलं येतं.

दुसरा घाणा

यावेळी वर्ट दोन टप्प्यांत गार केला. पहिल्या टप्प्यात टाकीच्या पाण्याने शंभरावरून ४५ पर्यंत. निघालेलं गरम पाणी पिंपात साठवून भांडी धुवायला वापरलं. दुसऱ्या टप्प्यात वीस लिटर पाणी आणि आठ किलो बर्फ दुसऱ्या बादलीत घेऊन, कूलरचा छोटा पंप त्यात बुडवून, तेच पाणी कॉइलमधून फिरवत ठेवलं. पस्तीस मिनिटांत वर्ट १८ वर. एकट्या वर्टला हिशेबाने पावणेसहा किलो बर्फ पुरतो, उरलेला बादलीतलं पाणी गार करण्यात आणि हवेत जातो. बर्फ पहिल्याच टप्प्यात घालणं म्हणजे पैसे वितळवणं. उकळत्या वर्टला ३९ अंशांचं पाणीसुद्धा गारच असतं.

यीस्टचं पाकीटही बदललं होतं. उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत दोन-तीन दिवस तापलेल्या पाकिटातलं यीस्ट बरंचसं मेलेलं असू शकतं. ते हिवाळ्यातच मागवून फ्रिजमध्ये ठेवावं.

१८ अंशांना यीस्ट टाकलं, वर्ट घुसळून हवा दिली, फ्रीझरमध्ये ठेवलं. चौदा तासांनी फेसाचा थर दिसायला लागला. पहिल्या घाण्याच्या चार तासांच्या मानाने हे संथ वाटतं, तसंच हवं. दोन दिवस १८.८ ते १९.६ च्या मध्ये आकडा हलत राहिला.

तिसऱ्या रात्री अकराला कुणीतरी फेस बघायला झाकण उघडलं. झाकण उचलताना वायर ओढली गेली, ओलाव्याने सैल झालेला टेप सुटला, आणि झाकण बंद झालं तेव्हा सेन्सर फ्रीझरच्या बाहेर लोंबकळत होता. त्याला खोलीचे ३१ अंश दिसत होते. फ्रीझर रात्रभर थांबलाच नाही. पहाटे पाचला बीअर ८ अंशांवर होती.

त्याहून वाईट, बीअर आणि वरची हवा आकसल्यामुळे बादलीत पोकळी तयार झाली आणि तिने एअरलॉकमधलं पाणी आत ओढून घेतलं. त्यात जंतुनाशक होतं, मात्रा कमी होती, म्हणून निभावलं. एअरलॉकमध्ये नुसतं नळाचं पाणी भरणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

ग्रॅव्हिटी १.०२६ वर अडकली होती. आठ अंशांना हे यीस्ट तळाशी जाऊन बसतं, मरत नाही. सेन्सर पुन्हा लावला, यावेळी टेपऐवजी बादलीभोवती रुंद इलॅस्टिकचा पट्टा आणि वायरला झाकणाजवळ एक गाठ, म्हणजे ओढ बसली तरी सेन्सर जागचा हलत नाही. फ्रीझर बंद, झाकण उघडं. खोलीच्याच उष्णतेने बीअर साडेआठ तासांत २० वर आली. कधी नव्हे तो उन्हाळा कामाला आला. बादली उचलून नाही, तर जागच्या जागी हलकेच गोल फिरवून गाळ उठवला. जोरात हलवलं असतं तर बीअरमध्ये हवा मिसळून पुठ्ठ्यासारखी चव आली असती. दुसऱ्या दिवशी बुडबुडे परत सुरू. २० वरच ठेवलं, १.०१५ ला आल्यावर २१ वर नेऊन दोन दिवस राखलं. शेवटच्या या उबेत यीस्ट डायअॅसिटिल परत खाऊन टाकतं. नाहीतर बीअरला बटरसारखा वास राहतो, आणि मध्येच गार पडलेल्या घाण्यात तो राहण्याची शक्यता जास्त. शेवटचा आकडा १.०१२, नमुना २० अंशांना गार करून.

मग दोन अंशांवर तीन दिवस. त्याआधी एअरलॉक काढून भोकावर जंतुनाशकात बुडवलेला फॉइलचा तुकडा घट्ट बसवला, म्हणजे पुन्हा काही आत ओढलं जाऊ नये. बीअर स्वच्छ उतरली, हॉप्स पुढे, मागे काही नाही. ब्रुअरीच्या मालकांनी मोठ्या टाकीला होकार दिला.

वीज गेली तर

बंद फ्रीझरमध्ये, ऐन भरात, बीअर तासाला साधारण पाऊण अंश चढते. तासाभराच्या भारनियमनाची काळजी करायची गरज नाही. चार तास गेली तर तीन अंश. पहिल्या ७२ तासांत हे नको. यासाठी घरच्या फ्रिजमध्ये दोन लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवायच्या आणि वीज गेल्यावर अर्ध्या तासाने एक आत सरकवायची. एक बाटली दहा तासांच्या आसपास निभावून नेते. वीज आल्यावर ती लगेच बाहेर काढायची. वारंवार झाकण उघडून ‘चढलं का’ बघणं बंद. कंट्रोलर बंद असेल तेव्हासाठी आत एक साधा, बाहेर आकडा दाखवणारा बॅटरीचा थर्मामीटर असलेला बरा. रात्री व्होल्टेज घसरणाऱ्या भागात फ्रीझरला स्टॅबिलायझर हवाच.

पावसाळ्यात फ्रीझरच्या आत बुरशी धरते, कारण १९ अंशांच्या भिंतींवर बाहेरची दमट हवा पाणी सोडते. तळाशी कॅल्शियम क्लोराइडचा उघडा डबा ठेवायचा, पाणी साचलं की ओतून द्यायचं, आणि दोन घाण्यांच्या मध्ये झाकण उघडं ठेवून आतून पुसून काढायचं.

ज्यांना पेटी, बर्फ, फ्रीझर काहीच नको त्यांनी यीस्ट बदलावं. नॉर्वेच्या शेतघरांमधून आलेलं क्वाइक जातीचं यीस्ट, विशेषतः व्हॉस, ३५ ते ४० अंशांत नीट काम करतं, तीन-चार दिवसांत संपवतं आणि फ्युजलऐवजी संत्र्यासारखा हलका वास देतं. मराठवाड्याच्या मे महिन्याला ते जणू मापून शिवलेलं आहे. तापमानावर लक्ष मात्र तेव्हाही ठेवावं, कारण खोली ४० च्या जवळ गेली की वरचे तीन अंश यीस्टचे असतात आणि ४२ ला क्वाइकही दमतं. त्याला यीस्टचं खाद्य थोडं जास्त लागतं. आणि त्यातून पिल्सनर (फिकट, स्वच्छ चवीची लागर) मिळणार नाही, कुणी कितीही सांगो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेगळाच कारभार. परभणीकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, घरातली तळमजल्याची खोली १८ ते २० वर राहते. एलसाठी तेव्हा फ्रीझर बंद ठेवला तरी चालतो, थर्माकोलची पेटी दिवस-रात्रीचा फरक झेलते. हीटिंगचा रिले तेव्हा जोडायचा, २५ वॉटच्या हीटिंग बेल्टला. बल्ब लावायचा झाला तर पत्र्याच्या बंद डब्यात: हॉप्स घातलेल्या बीअरवर उजेड पडला की तिला उग्र दुर्गंधी येते. ब्रुअरीची लागर त्याच दिवसांत लागायची आहे, १२ अंशांवर, यीस्ट डब्ल्यू-३४/७०, एकाऐवजी दोन पाकिटं. सेन्सरच्या वायरला गाठ आहेच.